आवाजावर नाचणारा किरण आणि आपला डोळा

जयंतीला तीन आठवडे राहिले होते. संध्याकाळी सातच्या सुमारास गल्लीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. वय एकोणीस-वीस, डीजेच्या गाडीवर साउंड आणि लाइटचे काम करतो. म्हणाला, "मावशी, डोळ्यात घालायचा एखादा ड्रॉप आहे का? मोबाइलवर वाचताना मधली अक्षरं गिळल्यासारखी होतात."

मी त्याला समोर बसवले आणि एकेक डोळा हाताने झाकायला सांगितला. डावा झाकला तेव्हा सगळे ठीक होते. उजवा झाकला, डाव्याने माझ्याकडे पाहिले आणि तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मावशी, तुमचं नाक दिसत नाही. कान दिसतात, केस दिसतात, नाक नाही."

डोळे लाल नव्हते, पाणी येत नव्हते, दुखत नव्हते. वरून पाहणाऱ्याला काहीच कळले नसते. खोदून खोदून विचारल्यावर अकरा दिवसांपूर्वीची गोष्ट बाहेर आली.

या मुलाला नुसती भाड्याची लाइट लावायची नव्हती. त्याला आवाजावर चित्र काढायचे होते. लॅपटॉपवर फुकट मिळणारा मॉड्युलर सिंथेसायझर त्याने उतरवून घेतला होता, जुन्या बाजारातून आरसे हलवणारी जोडी आणि लेझर आणला होता, आणि माळ्यावरच्या खोलीत रोज रात्री प्रयोग चालले होते. हे ऐकून मला आधी कौतुकच वाटले आणि अजूनही वाटते. पण त्या रात्री नेमके काय घडले ते समजायचे तर हे यंत्र चालते कसे ते आधी पाहावे लागेल. ज्या मिरवणुकीत आपण लेकरांना घेऊन उभे राहतो, तिथेही थोड्याफार फरकाने हेच यंत्र असते.

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुटे सुटे डबे जोडून तयार केलेले वाद्य. हार्मोनियममध्ये भाता, पट्ट्या आणि सूर एकाच पेटीत असतात. इथे सूर काढणारा डबा वेगळा, आवाज लहान-मोठा करणारा वेगळा, ताल मोजणारा वेगळा. मधल्या जोडण्या वादक स्वतः वायरींनी करतो. या वायरींतून प्रत्यक्ष आवाज जात नाही, खालीवर होणारे व्होल्टेज जाते. ते स्पीकरला दिले की स्पीकरचा पडदा हलतो आणि आवाज होतो. तेच व्होल्टेज आरशाला दिले तर आरसा हलतो.

लेझर शोच्या चांगल्या यंत्रात नखाएवढे दोन आरसे असतात. त्यांच्या छोट्या मोटरला गॅल्व्हो म्हणतात. एक आरसा किरणाला डावीकडे-उजवीकडे नेतो, दुसरा वर-खाली. पहिल्याला एक सूर दिला आणि दुसऱ्याला तोच सूर पाव फेरा मागे ठेवून दिला, की भिंतीवर गोल उमटतो. दुसऱ्याचा सूर दुप्पट केला की इंग्रजी आठसारखा आकार येतो. सूर जुळलेले असतील तर चित्र स्थिर राहते, जरा बेसूर झाले की ते हळूहळू फिरू लागते. बेसूर कानाला कळायच्या आधी डोळ्याला दिसतो, ही यातली गंमत आहे.

ही कल्पना जुनी आहे. ज्यूल लिसाजू या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ च्या सुमारास दोन स्वरकाट्यांना छोटे आरसे लावले, एक आडवा आणि एक उभा, आणि त्यांवरून उजेड परावर्तित करून पडद्यावर हेच आकार पाडले. तेव्हा घरोघरी वीज नव्हती, लेझर तर नव्हताच. पहिला लेझर अमेरिकेत १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी चालवला. त्यानंतर नऊ वर्षांनी, मे १९६९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजात लोवेल क्रॉस, कार्सन जेफ्रीज आणि डेव्हिड ट्यूडर या तिघांनी आवाजाच्या व्होल्टेजवर आरसे हलवून रंगीत लेझरचा कार्यक्रम केला. क्रॉस आणि ट्यूडर संगीतातले, जेफ्रीज भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पुढच्याच वर्षी जपानमधल्या ओसाका इथल्या जागतिक प्रदर्शनात त्यांचा लेझर लागला.

यातले ट्यूडर आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. त्याच १९६९ साली ते अहमदाबादला आले आणि तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यांनी मूग कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर बसवून दिला. गीता साराभाई आणि इतर काही जणांनी त्यावर काम केले. म्हणजे सुट्या डब्यांचे हे वाद्य आपल्या शेजारच्या राज्यात पन्नास वर्षांपूर्वीच येऊन गेले. आमच्या माळ्यावरच्या मुलाला हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा खुलला. आपण काही खुळचटपणा करत नव्हतो, एवढे त्याला कळले.

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत १९७३ पासून लेझेरियम नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि लेझर शो लोकप्रिय झाला. पण तिथे किरण तारांगणाच्या घुमटावर पडायचा. लोक खुर्चीत मागे रेलून वर चित्र पाहायचे. किरण ज्या यंत्रातून निघतो त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते, पाहायची गरजच नव्हती. पुढे नाचगाण्याच्या कार्यक्रमांत लोकांना किरणांच्या आत उभे राहावेसे वाटू लागले. धूर सोडायचा आणि किरण थेट गर्दीवर फिरवायचे. आपल्या रस्त्यावर जे पाहायला मिळते ते हेच. यंत्राचे तोंड आपल्याकडे असते.

आता डोळ्याचे पाहू. भिंग उन्हात धरून कागद जाळण्याचा खेळ लहानपणी सगळ्यांनी केला असेल. डोळ्यात तसेच भिंग आहे. साधा बल्ब सगळीकडे उजेड फेकतो, त्यामुळे त्यातला थोडासाच डोळ्यात येतो. लेझरचा किरण मात्र एका रेषेत, फारसा न पसरता येतो. डोळ्याचे भिंग त्याला आणखी गोळा करून मागच्या पडद्यावर सुईच्या टोकासारखा टेकवते. बाहेर असताना किरण जेवढा प्रखर असतो, त्याच्या सुमारे एक लाख पट प्रखर तो पडद्यावर होतो. डॉक्टर या पडद्याला रेटिना म्हणतात. रेटिनाच्या अगदी मधोमध एक छोटी जागा असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी कामे तीच करते. आपण एखाद्या गोष्टीकडे टक लावून पाहतो तेव्हा तिची प्रतिमा नेमकी तिथेच पडते. म्हणून जो लेझरकडे कौतुकाने पाहतो, त्याची तीच जागा भाजते. आणि रेटिनाला वेदना कळत नाही. आईच्या हातावर तेल उडाले तर ती ओरडते. रेटिना जळाली तर कोणी ओरडत नाही.

डोळा मिटतो की नाही? मिटतो, पण त्याला साधारण पाव सेकंद लागतो. शाळेत फळ्यावर दाखवायला वापरतात तो लेझर एक मिलिवॅटच्या आत असेल तर पाव सेकंदाने बिघडत नाही. पाव सेकंद डोळ्यावर पडून चालेल अशी मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला अडीच मिलिवॅट मानली आहे. मिरवणुकीच्या गाडीवर पाच वॅटचा लेझर सहज असतो. पाच वॅट म्हणजे पाच हजार मिलिवॅट. यंत्राच्या तोंडाशी तो किरण एक चौरस सेंटिमीटरचा धरला तर मर्यादेच्या दोन हजार पट. वीस मीटरवर थोडा पसरला तरी शेकडो पट. अशा किरणाने भाजायला पाव सेकंद लागतच नाही, त्याच्या कितीतरी आधी काम झालेले असते. अर्ध्या वॅटच्या वरचे असे सगळे लेझर 'क्लास ४' मध्ये मोडतात. हा वर्ग सर्वांत धोक्याचा. त्याचा किरण भिंतीवरून उसळून आला तरी डोळ्याला इजा करू शकतो.

मग रोज सगळेच का आंधळे होत नाहीत? कारण आरसे हलत असतात. किरण सेकंदात कितीतरी वेळा इकडून तिकडे जातो, एका डोळ्यावर तो क्षणभरही थांबत नाही. आपली सुरक्षितता त्या नखाएवढ्या दोन आरशांच्या हलण्यावर आहे. आणि आरसे हलतात आवाजाच्या व्होल्टेजवर. आवाज थांबला तर व्होल्टेज शून्य, आरसे सरळ, आणि सगळी ताकद एका ठिपक्यात, ठीक समोर.

मिरवणुकीत आवाज कधी थांबतो ते आठवा. एक गाणे संपून दुसरे लागायच्या मध्ये. किंवा डीजेवाला मुद्दाम आवाज तोडतो, सगळी गर्दी हात वर करून 'जय भीम'चा गजर करते, त्या क्षणी. तेव्हा प्रत्येकाचे तोंड गाडीकडे असते. लेकरू बापाच्या खांद्यावर असते, म्हणजे त्याचे डोळे मोठ्या माणसाच्या डोक्यापेक्षा दोन वीत वर. आणि गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना माळे आणि गॅलऱ्या. "आम्ही किरण लोकांच्या डोक्यावरून सोडतो," असे लाइटवाला सांगतो तेव्हा तो खालच्या लोकांबद्दल बोलत असतो. गॅलरीत उभ्या असलेल्या आजीचे डोके त्याच उंचीवर आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

सगळी यंत्रे सारखी नसतात, हेही सांगायला हवे. चांगल्या यंत्रात आरसे थांबले की लेझर आपोआप बंद करणारे सर्किट असते. स्वस्त यंत्रात गॅल्व्होच्या जागी साध्या मोटरी असतात, आत एक छोटा माइक असतो आणि 'साउंड मोड' लावला की ते ऐकेल त्यावर हलते. त्यातली काही यंत्रे शांतता झाली की किरण विझवतात, काही तसाच धरून ठेवतात. आणि डीजेच्या गाडीवर 'शार्पी' म्हणून जो जाड पांढरा-निळा झोत फिरतो तो लेझर नव्हे, दिव्याचा झोत आहे. त्याने डोळे दिपतात, डोके दुखते, पण त्याची गोष्ट वेगळी. लेझरचा किरण पातळ, एकाच शुद्ध रंगाचा आणि धुरात ताणलेल्या दोरीसारखा दिसतो.

आमच्या मुलाच्या माळ्यावर हेच झाले होते. लॅपटॉपमधून आरशांकडे जाणारा जॅक सैल होता. गोल फिरत होता तो एकदम मिटून ठिपका झाला. तो ठिपका समोरच्या कपाटाच्या आरशावर पडला आणि जॅक दाबायला वाकलेल्या मुलाच्या डाव्या डोळ्यात आला. त्याला फोटोच्या फ्लॅशसारखा लख्ख उजेड दिसला. थोडा वेळ हिरवट डाग तरंगत राहिला. उद्या जाईल म्हणून तो झोपला. दुसऱ्या दिवशी डाग होता, तिसऱ्या दिवशीही होता. घरी सांगितले तर सामान फेकून देतील, म्हणून गप्प राहिला.

त्याला बोलायला मी मोकळी आहे, पण असे गप्प राहणारा तो एकटा नाही. २०२२ आणि २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर कोल्हापूर आणि पुण्यातल्या नेत्रतज्ज्ञांकडे लेझरने रेटिना दुखावलेले तरुण गेले, त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी असे लेझर लावायला बंदीचा हुकूम काढला. रशियात २००८ च्या जुलैत मॉस्कोच्या पूर्वेला एका उघड्यावरच्या संगीत महोत्सवात पाऊस आला म्हणून मंडप ताणले. आकाशाकडे जायचे ते किरण मंडपाखालच्या गर्दीवर आले आणि दोन डझनांहून जास्त लोकांची नजर गेली किंवा अधू झाली. तिथे यंत्र तेच होते, फक्त वरचे आकाश झाकले गेले. आपल्याकडे एप्रिलात कधी अवकाळी पाऊस येतो, ताडपत्री ताणली जाते. ओली ताडपत्री, दुकानांच्या काचा, गाड्यांचे आरसे, स्टीलची भांडी, सगळ्यांवरून किरण उसळतो.

अशा वेळी काय करायचे? मिरवणुकीत लख्ख उजेड डोळ्यात गेल्यासारखा वाटला आणि नंतर मध्यभागी डाग, धूसरपणा, सरळ रेषा वाकडी दिसणे किंवा लालसर पडदा आल्यासारखे वाटले, तर दुसऱ्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचे. चष्म्याच्या दुकानात नव्हे, मेडिकलवर ड्रॉप मागायला नव्हे. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग असतो. तिथे बाहुली मोठी करणारे औषध घालून रेटिना पाहतात आणि ओसीटी नावाचा स्कॅन करतात. त्या स्कॅनमध्ये दुखत नाही, सुई नाही. जाताना "लेझर डोळ्यात गेला होता" हे सांगायचे. लाज वाटून ते लपवले तर डॉक्टर भलत्याच आजाराच्या मागे लागतात. डोळा चोळायचा नाही. मध, गुलाबपाणी, आईचे दूध यातले काही घालायचे नाही. जखम आहे मागच्या पडद्याला, पुढे ओतलेले तिथपर्यंत पोहोचत नाही.

इलाजाबद्दल खरे सांगते. जळलेली रेटिना परत उगवत नाही. सूज असेल तर ती उतरते आणि काही आठवड्यांत थोडी नजर परत येते. रक्त साकळले असेल किंवा पडद्याला छिद्र पडले असेल तर काही वेळा शस्त्रक्रिया करता येते. वेळेवर गेलेल्याला निदान काय करता येईल ते कळते. गॉगल लावून मिरवणुकीत उभे राहिले तर चालेल का, असेही बायका विचारतात. चालणार नाही. उन्हाचा गॉगल या किरणाला अडवत नाही, उलट काळोखात बाहुली आणखी मोठी करतो.

जत्रेत मिळणारा पेनासारखा हिरवा लेझर मुलांच्या हातात देऊ नका, हेही याच दमात सांगून टाकते. वर 'पाच मिलिवॅट' छापलेले असते, आत किती आहे ते कोणी तपासलेले नसते. स्वस्त हिरव्या लेझरमधून डोळ्याला न दिसणारी उष्ण किरणेही बाहेर पडू शकतात. ती दिसत नाहीत म्हणून डोळा मिटतही नाही.

मंडळाच्या मुलांशी बोलताना मी "लेझर बंद करा" एवढेच म्हणून सुटत नाही. तसे म्हटले की ती मान हलवतात आणि आपले तेच करतात. मी त्यांना लाइटवाल्याला विचारायचे प्रश्न देते. यंत्रावर क्लास कुठला लिहिला आहे? आरसे थांबले तर किरण विझतो का? मग ते आमच्यासमोर, भिंतीकडे तोंड करून, आवाजाची वायर उपटून दाखव. लाल बटण कुठे आहे, आणि मिरवणूकभर त्याच्यावर हात कोणाचा असणार? यंत्राच्या तोंडाचा खालचा अर्धा भाग पत्र्याने झाकला आहे का, म्हणजे चुकून आरसा खाली वळला तरी किरण पत्र्यावर अडेल? किरण माणसे उभी असलेल्या जागेपासून तीन मीटर तरी वर राहायला हवा, आणि उभी असलेली जागा म्हणजे गॅलरीसुद्धा. अरुंद गल्लीत हे जमतच नाही. तिथे यंत्र बंद ठेवून मोकळ्या मैदानात आल्यावर भिंतीवर किंवा कापडावर चित्र काढावे. ज्या लाइटवाल्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याचे यंत्र कसे आहे ते आपोआप कळते.

आणखी एक सोपी खूण. मिरवणुकीचे शूटिंग करून आल्यावर मोबाइलच्या कॅमेऱ्यात कायमचा ठिपका किंवा रेघ आली असेल, तर त्या रात्री तो किरण थेट त्या भिंगावर पडला होता. फोन धरणाऱ्याचा डोळा त्या भिंगापासून हातभर लांब होता.

आमच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी सकाळीच रुग्णालयात नेले. त्याच्या आईला मी सांगितले, सामान फेकायचे नाही या अटीवर. स्कॅनमध्ये रेटिनाच्या मधोमध एक छोटी खाच दिसली. डॉक्टरांनी घरी पाहण्यासाठी एक चौकटींचा कागद दिला. तो हरवला तेव्हा त्याने धाकट्या बहिणीची गणिताची चौकटीची वही घेतली. पानाच्या मधोमध एक ठिपका काढायचा, वाचताना धरतो तेवढ्या अंतरावर धरायचा, चष्मा असेल तर लावायचा, एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचे आणि आजूबाजूच्या रेघा तुटक किंवा वाकड्या दिसतात का ते पाहायचे. मग दुसरा डोळा. दोन मिनिटांचे काम आहे, मिरवणुकीनंतरच्या सकाळी घरातल्या प्रत्येकाचे करून घेण्यासारखे. डॉक्टरची तपासणी त्याने टळत नाही, पण लपलेला डाग सापडतो.

तो दर रविवारी नवे पान घेतो आणि जिथे रेघा दिसत नाहीत तेवढा भाग पेन्सिलीने रंगवतो. पहिल्या पानावर नऊ चौकटी काळ्या होत्या. आता चार आहेत, आणि गेले दोन महिने चारच आहेत. माळ्यावरच्या कपाटाच्या आरशावर त्याने जाड चादर टाकली आहे. यंत्राचे तोंड कायम रिकाम्या भिंतीकडे असते, लेझर सर्वांत कमी ताकदीवर, आणि लाल बटण त्याच्या बहिणीच्या हातात. परवा तिने मला बोलावून नेले. भिंतीवर एक निळे पिंपळपान होते, कडा जरा थरथरणाऱ्या. "दोन सूर अजून नीट जुळले नाहीत, मावशी," तो म्हणाला, आणि उजव्या डोळ्याने पाहत वायरी बदलू लागला.